जंगली टीझलच्या हर्बेरियम नोंदी : लेबलवरच्या नावावर किती विसंबायचं?

सोनकी_ऐरोली

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी सध्या डिप्सॅकस फुलोनम, म्हणजे जंगली टीझल, या झाडाच्या हर्बेरियम नोंदी चाळतेय, म्हणजे वाळवून कागदावर (शीटवर) चिकटवलेल्या आणि लेबल लावून संग्रहात जपलेल्या नमुन्यांच्या नोंदी. ऐरोलीत बसून युरोपातल्या तणाची उठाठेव कशाला, असं घरी विचारून झालंय, त्यामुळे इथे कोणी विचारलं तरी उत्तर तयार आहे: नोंदी फुकट मिळतात आणि भरपूर मिळतात. आपल्याकडच्या एखाद्या तणाचं असं काम काढलं तर पदवी मिळेपर्यंत कपाटंच उघडत बसावं लागेल.

झाड माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. मूळ युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं. तिथून उत्तर अमेरिकेत गेलं आणि हमरस्त्यांच्या कडेला, चरांमध्ये, पडीक रानात माजलं. आधी जमिनीला चिकटून पानांचा गोल गुच्छ येतो. तो पुरेसा मोठा झाला की मधून दांडा निघतो, पुरुषभर किंवा त्याहून उंच. अंगभर काटे. टोकाला लांबट काटेरी बोंड आणि त्यात बारीक जांभळट फुलं. फुलण्याची तऱ्हा मात्र बघण्यासारखी: बोंडाच्या साधारण मध्यावर फुलांचं एक कडं उमलतं, मग त्याची दोन होतात, एक वर सरकत जातं आणि एक खाली. एकदा बी धरलं की झाड संपलं.

आता अडचण. जीबिफवरून (जगभरच्या संस्थांच्या जीवनोंदी एकत्र देणारा ऑनलाइन डेटाबेस) नोंदी उतरवून घेतल्या आणि 'जतन केलेला नमुना' एवढाच प्रकार ठेवला. नकाशावर ठिपके उमटले, छान दिसलं. मग सहज म्हणून जुन्या शीटांचे स्कॅन उघडून बघायला लागले. काही लेबलांवर फुलोनम लिहिलंय, काहींवर सिल्व्हेस्ट्रिस, काहींवर फुलोनमची उपजाती सिल्व्हेस्ट्रिस. यादीत मात्र सगळे एकाच नावाखाली. त्यात काही शीटांवरची बोंडं मला वेगळीच वाटतात, काट्यांची टोकं खाली वळल्यासारखी.

मॅडम म्हणाल्या, "डेटाबेसमध्ये आहे ना, मग घे." मला ते पटत नाहीये. नाव लेबलवरचं धरायचं, यादीतलं धरायचं, की डोळ्यांनी दिसतं ते? जाणकारांनी सांगावं.

---

चिऊताई_नेरुळ

गावी नगरला बांधावर हे पाहिलंय की! काटेरी गोल चेंडू, निळसर पांढरा. फोटो टाकतेय बघ. हेच का?

---

सोनकी_ऐरोली

नाही गं चिऊताई, ही उटकटारी. बोंड काटेरी म्हणून सारखं वाटतं, पण उटकटारी सूर्यफुलाच्या कुळातली. त्या कुळात फुलातल्या पाच पुंकेसरांचे परागकोश एकमेकांना चिकटून नळी झालेली असते. टीझलमध्ये पुंकेसर चार आणि चारही सुटे. भिंग घेऊन एक फूल उघडलंस की लगेच कळेल.

---

येऊरकर

चांगला धागा काढलास सोनकी. शिकवण्यातून निवृत्त झालो तरी हा विषय दिसला की हात शिवशिवतात, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

तुझ्या शंकेचं मूळ अठराव्या शतकात आहे. लिनियसने १७५३ साली डिप्सॅकस फुलोनम हे नाव दिलं. त्या काळी टीझल दोन प्रकारचं होतं. एक रानात आपोआप उगवणारं, दुसरं शेतात लावलेलं, लोकर पिंजून वर आणण्यासाठी विणकर वापरायचे ते. नाव एकच, मग ते कोणाचं? विल्यम हडसनने १७६२ साली रानातल्याला डिप्सॅकस सिल्व्हेस्ट्रिस म्हटलं. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं बऱ्याच पुस्तकांत रानटी ते सिल्व्हेस्ट्रिस आणि लागवडीचं ते फुलोनम, अशीच वाटणी चालली. नंतर नियमांवर बोट ठेवून निवाडा झाला की लिनियसचं फुलोनम हे रानटी झाडाचंच नाव, आणि लागवडीच्या झाडाचं नाव डिप्सॅकस सॅटायव्हस.

म्हणजे झालं काय बघ. जुन्या लेबलवर 'सिल्व्हेस्ट्रिस' असेल तर निर्धास्त राहा, ते तुझंच झाड. घोटाळा आहे तो जुन्या लेबलवरच्या 'फुलोनम'मध्ये. ते लिहिणाऱ्याच्या टेबलावर कोणतं पुस्तक उघडं होतं, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. तेच नाव अलीकडच्या शीटवर असलं तर बहुधा रानटी, जुन्या शीटवर असलं तर दोन्हीपैकी काहीही. तुझ्या यादीने मात्र सगळ्या फुलोनमना आजच्या अर्थाने एका दावणीला बांधलंय.

आता ओळखायचं कसं ते. तुला बोंडं वेगळी वाटली ना, तिथेच उत्तर आहे. बोंडातल्या फुलांच्या मधून जे टोकदार सहपत्र (फुलालगतची काट्यासारखी पानं) येतात ते जंगली टीझलमध्ये सरळ असतात, लवचीक असतात आणि फुलांच्या वर डोकावतात. लागवडीच्या टीझलमध्ये ते ताठ असतात आणि टोक खाली आकड्यासारखं वळलेलं. त्या आकड्यासाठीच तर ते लावायचे. दुसरी खूण बोंडाच्या बुडाशी असलेल्या लांब सहपत्रांची. जंगलीत ते वर वळून बोंडाला कवेत घेतात, काही तर बोंडाच्याही वर जातात. लागवडीच्यात ते आखूड आणि आडवे पसरलेले. स्कॅन मोठा करून या दोन जागा बघ. दाबलेल्या नमुन्यात बुडाची सहपत्रं वाकडीतिकडी होतात, त्यामुळे शंका आली तर बोंडातल्या टोकांवर विश्वास ठेव.

तिसरा भिडूही विसरू नकोस, डिप्सॅकस लॅसिनिएटस. अमेरिकेत तोही माजलाय. त्याची खोडावरची पानं खोलवर कातरलेली आणि फुलं बहुधा पांढरी. पण वाळल्यावर रंग उडतो, म्हणून पान बघ. आणि शीटवर नुसतं बोंड असेल, पान नसेलच, तर सरळ 'अनिश्चित' लिही.

---

मधुमालती

काका, शीटवर पानच नाही असं कसं चालतं? आम्हाला तर मूळ, खोड, पान, फूल, फळ सगळं हवं म्हणून दटावलं जायचं.

---

येऊरकर

मधुमालती, दोन मीटरचं काटेरी झाड ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावर बसवून दाखव, मग दटाव. दांडा दोनदा मोडून एन अक्षरासारखा घालतात, नाहीतर नुसता शेंडा आणि एखादं पान. बोंड तर प्रेसमध्ये दबतच नाही, वरचे कागद अधांतरी राहतात आणि शेजारची पानं सुरकुततात. म्हणून शहाणा माणूस बोंड उभं कापून अर्धंच लावतो. सगळ्यात जास्त नुकसान वाटीचं. खोडावर समोरासमोरची पानं बुडाशी जोडली जाऊन जी वाटी होते, जिच्यात पावसाचं पाणी साचतं, ती दाबल्यावर नुसती घडी पडून राहते. पाणी होतं की नव्हतं, त्यात काय पडलं होतं, हे लेबलवर लिहिलं तरच पुढच्याला कळणार. उंची, फुलाचा रंग, जागा ओली की कोरडी, हेही तसंच.

आणखी एक. पहिल्या वर्षीचा नुसता गुच्छ कोणी सहसा गोळाच करत नाही, कारण फुलाशिवाय ओळखायची पंचाईत. म्हणून शीटांवरून 'या भागात हे झाड १९५० साली आलं' असं ठोकून देऊ नकोस. ते त्याआधीही असेल, फक्त फुललं तेव्हा कोणीतरी वही घेऊन तिथून जात होता.

---

खाडीकाठचा_खवचट

हे सगळं वाचून एकच प्रश्न: आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वाटीतल्या पाण्यासकट फोटो येतो, जागा आपोआप नोंदली जाते. मग वाळकं गवत कागदाला चिकटवून कपाटात डांबरगोळ्या घालायची ही हौस अजून कशासाठी?

---

येऊरकर

हौस नाही हो, पुरावा म्हणून. फोटोत जे दिसतं तेवढंच कळतं. शीटवरचं फूल पाण्यात उकळून मऊ करून आजही सूक्ष्मदर्शकाखाली उघडता येतं. पानाच्या तुकड्यातून डीएनए काढता येतो. शंभर वर्षांपूर्वी ज्याने गोळा केलं त्याला डीएनए हा शब्द माहीत नव्हता. ऑनलाइन यादीतली ओळ म्हणजे सातबाऱ्याचा उतारा, जमीन ती शीट. भांडण लागलं की शेवटी जमिनीवरच जाऊन उभं राहावं लागतं.

आणि शीटवर भांडणं लागतातच. लेबलच्या बाजूला छोट्या चिठ्ठ्या डकवलेल्या दिसतील. नंतरच्या तज्ज्ञाने तपासून 'हे अमुक नव्हे, तमुक' असं लिहून खाली सही आणि साल घातलेलं असतं. जुनी चिठ्ठी काढत नाहीत, नवी शेजारी लावतात. सोनकी, तुझ्या स्कॅनमध्ये या चिठ्ठ्या आधी वाच. यादीत बऱ्याचदा शेवटच्या चिठ्ठीवरचं नाव चढवलेलं असतं, पण चढवायचं राहून गेलेलंही असतं.

डांबरगोळ्यांवरून आठवलं, एक सावधगिरीची सूचना मात्र गांभीर्याने घ्या. जुन्या शीटांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावायची पद्धत होती. विष ते विषच. जुनी शीट हाताळली की हात धुतल्याशिवाय वडापाव खाऊ नका.

---

विदापाल_महापे

नावांचं काकांनी सांगितलंच. मी डेटाच्या बाजूने भर घालतो, रोज याच धबडग्यात असतो.

सोनकी, तू साधी यादी उतरवली असशील तर ती टाकून दे आणि 'डार्विन कोअर आर्काइव्ह' हा पर्याय निवडून पुन्हा उतरव. त्या गठ्ठ्यात दोन वेगळ्या फाइल येतात. एकीत जीबिफने लावलेला अर्थ असतो, म्हणजे सिल्व्हेस्ट्रिस दिसलं की त्याचं आपोआप फुलोनम झालेलं. दुसरी 'व्हर्बेटिम' नावाची, तिच्यात संस्थेने जसं पाठवलं तसं. लेबलवरचं नाव बहुधा त्या दुसऱ्या फाइलीत सापडेल. दोन्ही नोंद क्रमांकावर जोडलीस की कुठे नाव बदललं गेलं ते एका नजरेत दिसेल. मग सगळ्या शीटांचे स्कॅन उघडायची गरज नाही, ज्यांच्या व्हर्बेटिममध्ये 'फुलोनम' आहे आणि साल जुनं आहे तेवढेच बघ.

पुढचा त्रास दुहेरी नोंदींचा. वनस्पती गोळा करणारे एकाच वेळी एकाच झाडाचे किंवा एकाच जागच्या झाडांचे अनेक नमुने काढतात, सगळ्यांना एकच क्रमांक देतात आणि वेगवेगळ्या हर्बेरियमना वाटतात. पाच संस्थांनी ते चढवले की नकाशावर पाच नोंदी. गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा क्रमांक आणि तारीख जुळवून बघ. जुळलं तर ती एकच घटना धर. पण त्या पाचांवर वेगवेगळी नावं लागली असतील तर तेच तुझ्या प्रकल्पाचं सोनं आहे, पुसून टाकू नकोस.

आणि ठिकाण! शून्य अक्षांश, शून्य रेखांश म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात. अशा याद्यांत तिथे झाडं, बेडूक, पक्षी सगळे नांदत असतात. ते सहज सापडतात. लबाड असतात ते देशाच्या किंवा जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर ठेवलेले ठिपके, कारण ते जमिनीवर आणि खरे वाटतात. लेबलवर फक्त परगण्याचं नाव असतं, कोणीतरी मध्यावर टाचणी टोचतो. अनिश्चितता किती मीटर, असा एक रकाना असतो. तो रिकामा असेल तर ठिपक्यावर विश्वास ठेवू नकोस.

शेवटचं म्हणजे डाउनलोड केल्यावर डीओआय (त्या डाउनलोडचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, तो प्रबंधात द्यायला विसरू नकोस.

---

पोखरण_रोड

विषयाला थोडं सोडून, पण लोकर आली म्हणून लिहितो. माझे वडील इथल्या वूलन मिलमध्ये फिनिशिंग खात्यात होते. ठाण्यात लोकरीचं कापड व्हायचं हे आता टॉवरमध्ये राहायला आलेल्यांना सांगावं लागतं. ब्लँकेट आणि कोटाच्या कापडाला जो मऊ लव असतो तो विणून येत नाही. कापड ओलसर करून रेझिंग मशीनवरून नेतात आणि फिरत्या रुळांवरच्या बारीक तारा पृष्ठभागावरचे तंतू ओढून उभे करतात. मग वरून कातरून सारखं करायचं. वडिलांच्या वेळी सगळ्या तारा पोलादी. पण जुने लोक सांगायचे की विलायतेत पूर्वी याच कामाला काटेरी फळं लावायचे. मला ती थाप वाटायची.

---

येऊरकर

थाप नाही. इंग्लंडमध्ये सॉमरसेटला टीझलचं रीतसर पीक घ्यायचे. वाळवलेली बोंडं लोखंडी चौकटीत ओळीने बसवून चौकटी रुळावर चढवायच्या. पोलादी तार कुठे गाठीत अडकली तर कापड फाटतं. टीझलचा आकडा अडकला तर तोच मोडतो, कापड वाचतं. म्हणून भारी कापडाला यंत्रं आल्यावरही टीझल बराच काळ टिकून राहिलं. आणि सोनकीच्या कामाला याचा थेट संबंध आहे: ही लागवड जिथे जिथे होती किंवा गिरण्यांच्या कचऱ्यातून जिथे बी पडलं, तिथली जुनी 'फुलोनम' शीट आधी संशयाने बघायची.

---

पोखरण_रोड

हे माहीत नव्हतं. वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

---

चिऊताई_नेरुळ

वाटीतल्या पाण्यात किडे मरतात म्हणजे हे झाड मांसाहारी आहे का?

---

मधुमालती

चिऊताई, हा वाद जुना आहे. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७७ साली टीझलच्या वाटीतल्या ग्रंथींमधून बारीक धागे बाहेर येताना पाहिल्याचं लिहिलं होतं. पुढे २०११ साली इंग्लंडमध्ये प्रयोग झाला. काही झाडांच्या वाटीत मेलेल्या अळ्या टाकल्या, काहींच्यात नाही. अळ्या मिळालेल्या झाडांची उंची वाढली नाही, पण झाडाच्या वजनाच्या मानाने बी सुमारे ३० टक्के जास्त धरलं. माझ्या मते एवढ्यावर मांसाहारी म्हणणं घाईचं. स्वतः पचवतं की कुजल्यावर शोषतं, हे त्यातून ठरत नाही. वाटीचा दुसरा उपयोगही साधा आहे, खालून चढणाऱ्या माव्यासारख्या किड्यांना पाण्याचा खंदक आडवा येतो.

---

भटक्या_विमुक्त

अवांतर: काश्मीरला गेलो होतो तेव्हा 'वोपल हाक' नावाची रानभाजी खाल्ली. घरमालकीण वाळवून ठेवते आणि हिवाळ्यात शिजवते. नंतर शोधलं तर ती डिप्सॅकस इनर्मिस निघाली. म्हणजे सोनकीच्या तणाची चुलत बहीण आपल्याच देशात ताटात आहे! वास उग्र, पण भाताबरोबर बरी लागते.

---

येऊरकर

बरोबर, ती हिमालयातली. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या उंच गवताळ माथ्यांवर डिप्सॅकस लेशेनॉल्टाय आहे. मात्र येऊरला किंवा खारघरच्या डोंगरावर ही मंडळी शोधत फिरू नका. आणि कोणी हौसेने जंगली टीझलचं बी मागवून कुंडीत लावणार असेल तर, एक तर तण आयात करू नका, दुसरं म्हणजे त्याला फुलायला आधी थंडी लागते. ठाण्याचा जानेवारी त्याला पुरणार नाही, पानांचा गुच्छच सांभाळत बसाल.

सोनकी, स्कॅन बघून डोळे दुखले असतील तर एकदा खरं शीट हाताळ. सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६ साली फादर ब्लॅटर यांनी सुरू केलेलं. सीएसएमटीहून चालत जाता येतं. आधी विचारून, मॅडमचं पत्र घेऊन जा. टीझलच पाहिजे असा हट्ट धरू नकोस, लेबल, चिठ्ठ्या आणि कपाटांची रचना कळायला कुठलीही जात चालेल. भारतातल्या बऱ्याच जुन्या संग्रहांत कपाटं बेंथम आणि हूकर यांच्या जुन्या वर्गीकरणाच्या क्रमाने लावलेली असतात. हल्लीच्या वर्गीकरणात टीझल कॅप्रिफोलिएसी कुळात घातलंय, ते डोक्यात ठेवून गेलीस तर चुकीचं कपाट उघडशील. जुन्या क्रमात डिप्सॅसी हे स्वतंत्र कूळ आहे आणि ते सूर्यफुलाच्या कुळाच्या थोडं आधी येतं.

---

सोनकी_ऐरोली

येऊरकर काका, विदापालदादा, मधुमालती, सगळ्यांचे मनापासून आभार. व्हर्बेटिम फाइल उतरवली. लेबलवर 'फुलोनम' आणि साल जुनं, अशा नोंदी वेगळ्या काढल्या आणि ज्यांचे स्कॅन आहेत ते बघायला घेतले. सहपत्रांचे वळलेले आकडे एकदा नजरेत बसले की बऱ्याच बोंडांचा निकाल पटकन लागतो. मॅडमना दोन शीट शेजारी शेजारी ठेवून दाखवली. आधी म्हणाल्या, "एवढं बारीक कोण बघतं?" मग चष्मा चढवून स्वतःच बघत बसल्या.

आता उरलेला प्रश्न. बऱ्याच जुन्या फुलोनम नोंदींना स्कॅनच नाही, नुसती ओळ आहे. त्या काढून टाकू का? काढल्या तर नकाशातली सगळी जुनी वर्षं विरळ होतात.

---

विदापाल_महापे

काढू नकोस. नकाशावर वेगळ्या खुणेने दाखव. तपासलेल्या नोंदींना भरीव ठिपका, न तपासलेल्या जुन्या फुलोनमना पोकळ. मग दोनदा हिशेब कर, एकदा पोकळ धरून, एकदा सोडून. प्रसाराचं चित्र दोन्ही वेळा सारखंच आलं तर निश्चिंत. बदललं तर ते बदललेलं चित्रच प्रकल्पात मांड.

आणि त्या संस्थांना ईमेल टाकून बघ. नोंद क्रमांक दे आणि विचार, बोंडाचा जवळून फोटो मिळेल का. काही जण पाठवतात.

---

येऊरकर

विचारताना 'ओळख चुकली आहे का' असं लिहू नकोस. 'बोंडातल्या सहपत्रांची टोकं सरळ आहेत की वळलेली, एवढं कृपया बघाल का' असं लिही. पहिल्याला माणूस उत्तर द्यायचं टाळतो, दुसऱ्याला कपाट उघडतो.

---

खाडीकाठचा_खवचट

वाचनखूण साठवली. झेवियर्सला कधी जाताय? मीही येतो, डांबरगोळ्यांचा वास घ्यायला.

---

सोनकी_ऐरोली

पत्राला उत्तर आलं की इथेच कळवते. चालेल, पण पावसाची छत्री आत न्यायची नाही आणि हात धुऊन बाहेर पडायचं, काकांची अट आहे.